प्रथिनं तोलायची कशी? प्रोटिऑमिक्सच्या प्रयोगशाळेत नेमकं काय चालतं

'रक्ताच्या एका थेंबात हजारो प्रथिनं मोजली', 'लक्षणं दिसण्याआधीच कर्करोग सांगणारं प्रथिन सापडलं' अशा बातम्या अधूनमधून येतात. सोबत एका चकचकीत यंत्राचा फोटो असतो, त्याखाली 'मास स्पेक्ट्रोमीटर' असं नाव. वर्षभराने त्या चाचणीचं काय झालं म्हणून शोधायला जावं, तर बहुतेकदा काहीच झालेलं नसतं. असं का होतं हे कळण्यासाठी आधी या यंत्राला काय जमतं आणि काय जमत नाही, ते पाहावं लागेल. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकलेली बरी. या यंत्राला प्रथिन दिसत नाही. ते वजन करतं, आणि तेही बहुतेक वेळा प्रथिनाच्या तुकड्यांचं. 'अमुक प्रथिन सापडलं' हा त्या वजनांवरून बांधलेला तर्क असतो. या शाखेतल्या शास्त्रज्ञाची निम्मी कारकीर्द तो तर्क कुठे फसू शकतो, हे शोधण्यात जाते.

## जनुकं वाचून झाली, मग प्रथिनं कशाला?

माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत, आणि त्यांची यादी आपल्या हातात आहे. पण जनुक असणं वेगळं आणि त्याचं प्रथिन त्या क्षणी, त्या जागी, त्या प्रमाणात हजर असणं वेगळं. मेंदूतल्या आणि कातडीतल्या पेशीत जनुकं तीच असतात. फरक असतो तो त्यांतून कोणती प्रथिनं किती बनतात याचा. लाल रक्तपेशीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. पक्व झाल्यावर तिच्यात केंद्रकच उरत नाही, म्हणजे वाचायला जनुकंच नाहीत. तरीही तिच्यात हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि ती जवळजवळ चार महिने राबते.

एखाद्या पेशीत किंवा ऊतीत एका वेळी असलेल्या सगळ्या प्रथिनांच्या संचाला 'प्रोटिओम' म्हणतात. मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये इटलीतल्या सिएना इथल्या परिषदेत हा शब्द पुढे आणला. त्या संचाचा अभ्यास म्हणजे प्रोटिऑमिक्स.

यावर एक रास्त शंका येते. जनुकापासून प्रथिन बनताना मध्ये आरएनए बनतो. तो मोजणं सोपंही आहे आणि स्वस्तही. मग त्यावरूनच अंदाज का करू नये? करतात, पण तो ढोबळ ठरतो. काही प्रथिनं बनल्यावर काही मिनिटांत मोडीत निघतात, तर डोळ्याच्या भिंगातली क्रिस्टॅलिन जन्मभर टिकतात. शिवाय प्रथिन बनतं एकीकडे आणि सापडतं दुसरीकडे. रक्तातलं अल्ब्युमिन यकृतात तयार होतं. रक्तपेशींतला आरएनए कितीही मोजला तरी त्याचा पत्ता लागणार नाही. त्यातून प्रथिनावर नंतर चिकटणाऱ्या रासायनिक खुणा वेगळ्याच. फॉस्फेटचा एक गट चिकटला की कित्येक प्रथिनं चालू किंवा बंद होतात, आणि ती खूण ना जनुकात लिहिलेली असते, ना आरएनएमध्ये.

## तराजू कुठे आहे?

रेणूच्या वजनाचं एकक डाल्टन. कार्बन-१२ या अणूच्या वस्तुमानाचा बारावा हिस्सा म्हणजे एक डाल्टन. हायड्रोजनचा अणू साधारण एवढाच भरतो. इतकी हलकी वस्तू पारड्यात ठेवता येत नाही, म्हणून तिला विद्युतभार देऊन पळवायचं. सारखाच धक्का दिला तर हलका रेणू पुढे जातो, जड मागे राहतो. ठरलेलं अंतर कापायला कुणाला किती वेळ लागला, यावरून वजन काढायचं. 'टाइम ऑफ फ्लाइट' प्रकारच्या यंत्रांत नेमकं हेच होतं. 'ऑर्बिट्रॅप' या दुसऱ्या प्रकारात आयन, म्हणजे भारित रेणू, चातीच्या आकाराच्या धातूच्या दांड्याभोवती फिरत पुढेमागे झुलतात आणि त्या झुलण्याच्या वारंवारतेवरून वजन कळतं. अलेक्झांडर मकारोव्ह यांनी घडवलेलं हे यंत्र २००५ मध्ये बाजारात आलं. दोन्हींत आत निर्वात पोकळी लागते, नाहीतर आयन हवेच्या रेणूंवर आपटून भरकटतील.

खरं तर यंत्र नुसतं वजन देत नाही, 'वजन भागिले भार' देतं. दोन भार असलेला १००० डाल्टनचा रेणू ५०० च्या आसपास उमटतो. नवशिके इथे हमखास अडखळतात.

अचूकता किती? चांगलं यंत्र दहा लाखांत पाच भागांपेक्षा कमी चूक करतं. ५० किलोच्या माणसाचं वजन पाव ग्रॅमच्या फरकाने सांगावं, तसं.

कल्पना जुनी आहे. जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ मध्ये निऑन वायूत २० आणि २२ असे दोन वेगळ्या वजनांचे अणू दिसले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये नेटकं यंत्र उभं केलं आणि १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पण पुढची सहा-सात दशकं प्रथिनं या यंत्राच्या आवाक्याबाहेरच राहिली. अडचण वजन करण्याची नव्हतीच, अडचण होती रेणू हवेत उडवण्याची. छोटा रेणू तापवला की वाफ होऊन उडतो, प्रथिन तापवलं की मोडून पडतं.

हे कोडं दोन वाटांनी सुटलं. अमेरिकेत जॉन फेन यांनी प्रथिनाचं द्रावण हजारो व्होल्टवर ठेवलेल्या बारीक सुईतून फवारलं. भारित थेंबातलं पाणी उडून जातं, थेंब आकसतो, त्यावरचे भार एकमेकांना ढकलतात, थेंब फुटतो, असं होत होत शेवटी भार घेतलेला रेणू एकटा उरतो. याला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात. दुसरी वाट लेझरची. लेझरचा प्रकाश शोषणाऱ्या पदार्थात प्रथिन मिसळायचं. झोत पडला की तो पदार्थ स्वतः उडतो आणि प्रथिनाला अलगद सोबत नेतो. जपानमधल्या शिमाद्झू कंपनीतले तरुण अभियंते कोइची तनाका यांना १९८५ मध्ये हे चुकून सापडलं. धातूची अतिसूक्ष्म पूड त्यांनी नेहमीच्या द्रवाऐवजी चुकून ग्लिसरिनमध्ये कालवली आणि फेकून देणं जिवावर आलं म्हणून तेच मिश्रण वापरून पाहिलं. फ्रान्झ हिलेनकाम्प आणि मायकेल कारास यांनी जर्मनीत याच दिशेने विकसित केलेली 'माल्डी' पद्धत पुढे जगभर रुजली. २००२ चं नोबेल फेन आणि तनाका यांना, कुर्ट व्यूत्रिश यांच्याबरोबर, विभागून मिळालं. तेव्हा फेन ८५ वर्षांचे होते. तनाका ४३ वर्षांचे होते, विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर, पीएचडी नसलेले.

## अख्खं प्रथिनच का तोलत नाहीत?

काही जण तोलतात, पण रोजचं काम तुकड्यांवर चालतं. मोठं प्रथिन एकाच वेळी वेगवेगळे भार घेतं, त्यावर निरनिराळ्या खुणा असतात, त्यामुळे त्याचा संकेत शेकडो शिखरांत (यंत्राच्या आलेखावर एकेका वजनापाशी उठणाऱ्या सुळक्यांत) विखुरतो. आणि नुसत्या वजनावरून ओळख पटतही नाही. ५२ किलोची माणसं जगात कितीतरी असतील.

म्हणून प्रथिन आधी कापायचं. त्यासाठी ट्रिप्सिन हे पाचक विकर वापरतात. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळ समजा. ट्रिप्सिन लायसिन किंवा आर्जिनिन या दोन मण्यांनंतरच कापतं (पुढचा मणी प्रोलिन असेल तर सहसा कापत नाही). या शिस्तीमुळे तुकडे कुठे पडणार ते आधीच सांगता येतं, तुकड्यांची लांबी यंत्राला सोयीची असते आणि जवळजवळ प्रत्येक तुकड्याच्या शेवटी धनभार धरणारा मणी येतो. या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात.

ग्रंथालयातली सगळी पुस्तकं ठरावीक दोन शब्द येतील तिथे फाडून एका पोत्यात घुसळली आणि मग एकेक चिटोरं उचलून ते कोणत्या पुस्तकातलं हे सांगायला बसलो, तर जसं होईल तसं हे काम आहे. काही चिटोरी एकाच पुस्तकात सापडतात. ती खरी कामाची. काही दोन-चार पुस्तकांत जशीच्या तशी असतात आणि तिथे ठामपणे काही बोलता येत नाही. फाडताना पुस्तकाची बांधणी जाते ती जातेच. एकाच प्रथिनाच्या एका रेणूवर दोन खुणा होत्या की दोन रेणूंवर एकेक, हे तुकड्यांवरून कळत नाही.

## आठ मण्यांचा तुकडा

प्रत्यक्षात कसं वाचतात ते एका तुकड्यावर पाहू. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतून ट्रिप्सिन पहिला तुकडा कापतं तो आठ मण्यांचा: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. एक भार असताना तो ९५२.५१ ला उमटतो, दोन भार असताना ४७६.७६ ला.

सिकलसेल आजारात सहावा मणी बदलतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्ल १२९.०४, व्हॅलिन ९९.०७, म्हणजे तुकडा २९.९७ ने हलका होणार. आता शिखर ९२२.५४ ला येतं, दोन भारांसह ४६१.७७ ला. ज्याला एक बदललेलं आणि एक साधं जनुक मिळालंय, त्याच्या रक्तात दोन्ही शिखरं शेजारी-शेजारी दिसतात.

पण तीस डाल्टन नेमके सहाव्याच मण्यात घटले कशावरून? त्यासाठी तोच तुकडा यंत्राच्या आत वेगळा पकडून वायूच्या रेणूंवर आपटवतात. माळ बहुतेकदा दोन मण्यांमधल्या जोडावर तुटते, कधी इथे, कधी तिथे. शेपटीकडच्या तुकड्यांची वजनं क्रमाने लावली की नुसता लायसिन १४७.११, त्याला ग्लुटामिक आम्ल जोडून २७६.१६. इथवर दोन्ही नमुने सारखे. पुढची पायरी साध्या हिमोग्लोबिनमध्ये ४०५.२०, सिकलसेलमध्ये ३७५.२२. फरक इथे पडला, म्हणजे बदल शेवटून तिसऱ्या मण्यात, सुरुवातीकडून सहाव्या. पायऱ्यांमधलं अंतर मोजत मणी ओळखायचे, सगळी गंमत एवढीच.

आता यातल्या खाचा. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन तंतोतंत एक, ११३.०८४, नेहमीच्या पद्धतीने ते वेगळे ओळखताच येत नाहीत. ग्लुटामिन आणि लायसिन यांत ०.०३६ चा फरक, जो जुन्या यंत्रांना दिसत नसे. दोन ग्लायसिन मिळून एका अ‍ॅस्परॅजिनएवढे भरतात. आणि सहाव्या मण्याचाच आणखी एक बदल आहे, हिमोग्लोबिन सी. तिथे ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येतं. लायसिन आला की ट्रिप्सिन तिथेच कापणार! आठ मण्यांचा तुकडा तयारच होत नाही, सहा मण्यांचा होतो. 'आठ मण्यांचा, थोडा वेगळ्या वजनाचा तुकडा' शोधत बसलेल्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

## यंत्राआधीचं काम

बातमीत फोटो यंत्राचा येतो, पण निकाल बिघडतो तो बहुधा त्याआधी, पिपेट हातात असताना. सर्वसाधारण रीत अशी. पेशी ८ मोलर युरियात विरघळवतात, त्यामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात. मग डीटीटी घालून अर्धा तास ठेवतात, त्याने गंधकाचे पूल तुटतात. ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोअ‍ॅसिटामाइड घालून अर्धा तास अंधारात ठेवतात, कारण हे रसायन उजेडात बिघडतं. मग युरिया पातळ करतात, पन्नास भाग प्रथिनाला एक भाग या वजनी प्रमाणात ट्रिप्सिन घालतात आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी आम्ल घालून पीएच तीनच्या खाली आणला की कापाकापी थांबते. शेवटी क्षार धुऊन काढायचे.

चुकतं कुठे? युरिया असताना नमुना ३७ अंशांच्या वर तापवला तर युरियातून निघणारं सायनेट प्रथिनांना चिकटतं आणि तुकडे ४३ डाल्टनने जड होतात. युरिया पातळ करायला विसरलं तर ट्रिप्सिन लुळं पडतं आणि माळ अर्धवटच कापली जाते. आयोडोअ‍ॅसिटामाइड जास्त पडलं तर ते नको तिथेही चिकटतं, आणि त्याने वाढणारं वजन असतं ५७.०२१, एका ग्लायसिनएवढं. म्हणजे आपणच घातलेलं रसायन पुढे 'इथे एक मणी जास्त आहे' असा भास घडवू शकतं. साबणासारखे पदार्थ उरले तर आणखी पंचाईत. एसडीएस राहिलं की पेप्टाइडचे संकेत दबतात. ट्रायटनसारख्यांतलं पॉलिएथिलीन ग्लायकॉल आलं की दर ४४.०३ डाल्टनला एक शिखर अशी शिडीच्या शिडी उभी राहते. हाताला लावायच्या क्रीममधूनही ते येतं.

आणि केरॅटिन. कातडी, केस, धूळ, लोकरीचा स्वेटर, सगळीकडून ते येतं. हातमोजे घालून तोच हात केसांवरून फिरवणाऱ्याला नमुन्यात मुख्यतः स्वतःच सापडतो. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेकडे 'ही प्रथिनं सापडली तरी मोजू नका' अशी यादी असते आणि तीत केरॅटिन वरच्या जागी असतं. अर्थात त्वचारोगावर काम करणाऱ्याला ती यादी डोळे झाकून वापरता येत नाही.

एवढं करून एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी पेप्टाइड यंत्रासमोरच्या स्तंभात सोडतात. हा 'कॉलम' आतून ७५ मायक्रोमीटरचा, साधारण केसाएवढा. द्रव मिनिटाला ३०० नॅनोलिटर या वेगाने वाहतो. एक मिलिलिटर जायला दोन दिवसांहून जास्त लागतील. एखादा कण अडकला की दाब चढतो आणि रांगेतले सगळे नमुने खोळंबतात. आधीच्या नमुन्याचा अंश मागे राहून पुढच्यात उतरतो तो आणखी एक ताप. त्यासाठी मध्ये कोरा, म्हणजे 'ब्लँक' रन घेतात. घाईत हाच पहिला कापला जातो.

## उत्तर संगणकच देतो ना?

देतो, पण प्रश्न कसा विचारला यावर ते अवलंबून असतं. दोन तासांच्या एका रनमध्ये हजारो तुकडे फोडले जातात; सगळे हाताने वाचणं अशक्य. १९९४ मध्ये जिमी एंग, अ‍ॅशली मॅककॉर्मॅक आणि जॉन येट्स यांनी वेगळा मार्ग दाखवला. ज्ञात प्रथिनांची यादी घ्या, ती कागदावरच ट्रिप्सिनने कापा, प्रत्येक तुकडा फुटल्यावर कसा दिसेल ते काढा आणि प्रत्यक्ष मोजलेल्याशी ताडून पाहा. आजही पाया बराचसा तोच आहे.

मेख अशी की 'सगळ्यात जवळचं उत्तर' नेहमीच मिळतं. खरं उत्तर यादीतच नसलं तरी कुणीतरी पहिला येणारच. मग खोटी उत्तरं किती, हे ठरवायचं कसं? यादीत मुद्दाम खोटी प्रथिनं मिसळतात, बहुधा खरीच माळ उलटी लिहून. ही निसर्गात नाहीत, त्यामुळे संगणकाने त्यांच्याशी जुळवलेली प्रत्येक जोडी नक्की चूक. उलट्या माळांशी जितक्या जुळल्या, साधारण तितक्याच सुलट माळांशीही चुकून जुळल्या असणार, असा हिशेब. त्यावरून चुकीचं प्रमाण एक टक्क्याच्या आत राहील अशी रेघ मारतात.

एक टक्का ऐकायला छान वाटतं. एक लाख जुळण्यांत ती हजार चुकीची उत्तरं झाली. शिवाय ती सारखी पसरत नाहीत. जे प्रथिन खरंच हजर आहे त्याचे दहा-वीस तुकडे सापडतात. चुकीची जुळणी मात्र कुठेतरी एकटीच पडते. त्यामुळे एकाच तुकड्याच्या जोरावर 'सापडलेल्या' प्रथिनांत खोट्यांची गर्दी होते. २०१४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी मानवी प्रोटिओमचे आराखडे मांडले. कामं मोठी होती, पण लगेच एक खटकणारी गोष्ट पुढे आली. वास ओळखणाऱ्या कितीतरी ग्राहक-प्रथिनांची नावं यादीत होती आणि तपासलेल्या ऊतींमध्ये नाकाची ऊती नव्हतीच. दुसऱ्यांनी तेच स्पेक्ट्रा, म्हणजे यंत्राने काढलेले वजनांचे आलेख, पुन्हा पाहिले तेव्हा पुरावा तकलादू निघाला. आता मानवी प्रोटिओम प्रकल्पात नवं प्रथिन मान्य व्हायला किमान नऊ मण्यांचे, फक्त त्याच प्रथिनात आढळणारे दोन वेगळे तुकडे लागतात. नियम कडक आहे आणि तो तसाच हवा.

## रक्त मिळायला सोपं, वाचायला अवघड

रक्तद्रवात अल्ब्युमिन मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं. इंटरल्युकिन-६ हे दाह सुरू झाल्याची सूचना देणारं प्रथिन निरोगी माणसात काही पिकोग्रॅम. फरक सुमारे एकास हजार कोटी. हजार कोटी सेकंद म्हणजे ३१७ वर्षं. त्यातला एक सेकंद शोधायचा. वजनाने पाहिलं तर रक्तद्रवातला ९९ टक्के भाग वीस-बावीस प्रथिनांनीच व्यापलेला असतो. आणि रोगाची खूण म्हणून जे हवं असतं ते बहुधा उरलेल्या एका टक्क्यात दडलेलं.

मग अल्ब्युमिन काढूनच टाकलं तर? काढतात, पण त्याला चिकटलेली लहानसहान प्रथिनंही त्याच्याबरोबर जातात. आणि रक्त घेतानाच घोटाळा झाला असेल तर पुढे काही उपाय नाही. सुई टोचताना लाल पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन आणि कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेजची पातळी उसळते. नळी तासभर बाहेर राहिली की प्लेटलेट त्यांच्यातला ऐवज ओतून मोकळ्या होतात. नवीन 'बायोमार्कर' म्हणून मिरवलेली कितीतरी नावं मुळात अशा हलगर्जीपणाच्या खुणा असतात.

२००२ चा प्रसंग या शाखेत अजून सांगितला जातो. 'लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध आला: रक्तातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून बीजाशयाचा कर्करोग ओळखता येतो, एकही रुग्ण सुटत नाही आणि निरोगी स्त्रियांपैकी ९५ टक्के बरोबर वगळल्या जातात. संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे उघडले तेव्हा यंत्राच्या जुळणीतले आणि नमुने चालवण्याच्या पद्धतीतले फरक त्या नक्षीत मिसळलेले दिसले. रुग्णांचे नमुने सोमवारी आणि निरोगींचे गुरुवारी चालवले, तर संगणक रोग शिकत नाही, वार शिकतो. म्हणून नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवतात आणि यंत्रावर बसणाऱ्याला कोणता नमुना कुणाचा हे कळू देत नाहीत.

दावा पूर्ण खरा असता, तरी गणित आड आलं असतं. समजा हा आजार २५०० स्त्रियांत एकीला आहे. चाचणी त्या एकीला पकडेल, पण बाकीच्यांतल्या पाच टक्के, म्हणजे जवळजवळ १२५ जणींनाही 'आजार असावा' असं सांगेल. त्या प्रत्येकीची पुढची तपासणी शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते.

## मग उपयोग कुठे होतो?

जिथे प्रश्न नेमका आहे, तिथे उत्तम होतो. रुग्णालयांच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत माल्डी रोजच्या वापरात आहे. जिवाणूंची वसाहत धातूच्या पट्टीवर थोडीशी फासायची, त्यावर एक मायक्रोलिटर मॅट्रिक्स, म्हणजे लेझरचा प्रकाश शोषणारा पदार्थ, टाकून सुकू द्यायचं आणि पट्टी यंत्रात सारायची. २००० ते २०,००० डाल्टनमधली शिखरं, बरीचशी रायबोसोमच्या प्रथिनांची, संग्रहातल्या नोंदींशी जुळवली की काही मिनिटांत प्रजाती कळते. इथे प्रथिनं कापतही नाहीत. मर्यादाही स्पष्ट आहेत: ई. कोलाय आणि शिगेला इतके जवळचे नातलग आहेत की नेहमीच्या पद्धतीने त्यांत गल्लत होते, आणि संग्रहात नसलेला जिवाणू ओळखला जात नाही.

दुसरं उदाहरण अमायलॉइडचं. या आजारात हृदयासारख्या अवयवांत प्रथिनाचे गठ्ठे साचतात. ते गठ्ठे अँटिबॉडीच्या तुटक्या साखळ्यांचे असतील तर केमोथेरपीच्या वाटेने जावं लागतं. ट्रान्सथायरेटिन या दुसऱ्या प्रथिनाचे असतील तर औषध पूर्ण निराळं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. गठ्ठा असलेला भाग लेझरने कातरून काढायचा, ट्रिप्सिनने कापायचा, तोलायचा. तिथे तेच प्रथिन ढिगाने असल्यामुळे उत्तर सहसा खणखणीत मिळतं.

## यात आयुष्यभर पुरेल असं काम कोणतं?

हल्ली दोन शंका हमखास निघतात. पहिली, कृत्रिम बुद्धिमत्ता प्रथिनाचा आकार सांगू लागली, आता हे कशाला? अल्फाफोल्डसारखी प्रणाली मण्यांच्या क्रमावरून घडी कशी पडेल ते सांगते. या माणसाच्या या ऊतीत आज ते प्रथिन किती आहे आणि त्यावर कोणत्या खुणा आहेत, हा प्रश्न तिचा नाहीच. दुसरी शंका जास्त टोकदार आहे: अँटिबॉडी किंवा अ‍ॅप्टामर (ठरावीक प्रथिनाला चिकटणारे डीएनए-आरएनएचे छोटे तुकडे) वापरून रक्तातली हजारो प्रथिनं एकदम मोजणारे संच आलेत, मग तोलायचं कशाला? रक्तातल्या अगदी विरळ प्रथिनांच्या बाबतीत ते संच खरोखर सरस ठरतात. पण ते कुलपात किल्ली बसली की नाही एवढंच सांगतात. किल्ली भलत्याच कुलपात बसली का, हे पाहायला पुन्हा तराजूकडेच यावं लागतं.

कामाच्या वाटा तीन-चार आहेत. कुणी यंत्राच्या भौतिकीत रमतो, कुणी नमुने तयार करण्याच्या रसायनात, कुणी संख्याशास्त्रात, कुणी एकाच आजारात. पीएचडी आणि त्यानंतरची काही वर्षं या सगळ्यांची थोडीथोडी ओळख होण्यातच जातात. एकट्याने सगळं येणारा क्वचित भेटतो. शिवाय ही वाट सरळच असावी लागते असंही नाही. कॅरोल रॉबिन्सन सोळाव्या वर्षी शाळा सोडून एका औषध कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागल्या, पुढे शिकल्या, मुलांसाठी आठ वर्षं काम थांबवलं आणि परत येऊन केंब्रिज व ऑक्सफर्ड या दोन्ही विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. प्रथिनं न मोडता, त्यांच्या घड्या आणि जोड्या शाबूत ठेवून तोलता येतात, हे पटवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

रोजच्या दिवसाची सुरुवात मात्र सगळ्यांची सारखीच. खरा नमुना लावण्याआधी यंत्रात हेला पेशींचं तयार पेप्टाइड मिश्रण सोडतात. या पेशी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीकडून तिच्या परवानगीविना घेतल्या गेल्या आणि आजतागायत जगभर वाढवल्या जातात. मिश्रण माहितीचं असल्यामुळे त्यात किती प्रथिनं सापडायला हवीत हे ठाऊक असतं. आकडा गेल्या आठवड्याइतका आला तर रांग पुढे सरकते. घसरला तर आधी फवारणीची सुई पाहायची, मग कॉलमचा दाब, मग आयन शिरतात ते तोंड काढून धुवायचं आणि तेच मिश्रण परत लावायचं. तोवर रुग्णांचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्येच थांबतात, कारण एकदा वितळवलेला नमुना पुन्हा गोठवला तर तो आधीसारखा राहत नाही.